लहान आकडा

ताडोब्याहून परतलो की पहिली संध्याकाळ ब्रशात जाते. दाढीचा जुना ब्रश आहे, केस मऊ पडलेले. जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरायचा, लेन्स आडवी ठेवायची आणि झूमच्या रबरी कड्याच्या खाचाखाचांतून मे महिन्याची धूळ काढत बसायचं. पिठासारखी बारीक असते ती. पंच्यावर तिची पुसट रेघ उमटते आणि स्वयंपाकघरातून ठरलेलं वाक्य येतं, "जंगल जंगलातच ठेवून यायला काय होतं?" कडं स्वच्छ झालं की त्याच्या दोन टोकांचे दोन आकडे उजळतात. २०० आणि ५००. ही निकॉनची २००-५०० मिलिमीटर, एफ/५.६ची लेन्स. २०१५ साली बाजारात आली. मी घेतली तेव्हा या दोन आकड्यांपैकी फक्त दुसरा वाचला होता. पहिला वाचायला मला चार-पाच उन्हाळे लागले.

सफारीसाठी लेन्स घ्यायला निघालेला माणूस दुकानात एकच प्रश्न विचारतो, "किती लांबचं येईल?" दुकानदारही तेवढ्याचंच उत्तर देतो. चारशेवाल्याला पाचशे दाखवतो, पाचशेवाल्याला सहाशे. जवळचं काय येईल हे कुणी विचारत नाही, कारण जवळचं आपोआप येतंच असा सगळ्यांचा समज. माझं मत याच्या उलट होत गेलं आहे. ताडोब्यासारख्या जंगलात जायचं असेल तर लेन्स तिच्या लहान आकड्यावरून निवडावी. मोठा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी निभतं. लहान आकडा चुकला की पुढच्या सगळ्या फोटोंत तो चुकत राहतो.

आधी माझ्या लेन्सची नीट ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं तिच्याच अंगानं कळलेलं आहे. पायासकट वजन २ किलो ३०० ग्रॅम. समोरच्या काचेवर बसणारा फिल्टर ९५ मिलिमीटरचा. एवढी काच कशाला, तर एफ/५.६ हा एक साधा भागाकार आहे. ५००ला ५.६नं भागलं की ८९ मिलिमीटर येतात. म्हणजे प्रकाशाला आत यायला साधारण आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढी वाट हवी. तीच लेन्स २००ला आणली की भागाकार ३६वर येतो. वाटी तीच, पण वापरात येतं ते मधलं लिंबाएवढं भोक. आता शेजारच्याकडे ७०-२००ची एफ/२.८ लेन्स असेल तर तिच्यात २००ला ७१ मिलिमीटरची वाट उघडते आणि माझ्या चौपट प्रकाश आत येतो. म्हणजे ज्या लहान आकड्याची मी एवढी बाजू घेतो आहे, त्याच आकड्यापाशी माझी लेन्स सर्वांत कंजूष आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, मागाहून कुणी पकडायला नको.

झूमचं कडं २००वरून ५००वर न्यायला मनगटाची एक फेरी पुरत नाही. धरायचं, फिरवायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. दरम्यान लेन्स पुढून वाढत जाते, तिला सोंड फुटल्यासारखी. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची नवी १८०-६०० या लेन्सा आतल्या आत झूम होतात, अंग तेवढंच राहतं आणि मनगटाच्या एका छोट्या वळशात या टोकाचं त्या टोकाला जाता येतं. सोयीचं तेच आहे, यात वाद नाही. तरी मला ही दोन पकडींची चाल आवडते. ५००वरून मागं येताना मध्ये हात सुटतो, डोळा क्षणभर मोकळा होतो आणि काचेच्या बाहेर काय चाललंय ते दिसतं. बाहेर बरंच काही चाललेलं असतं.

आणि ही लेन्स मागचं कसं पुसते, ते तर बघण्यासारखं आहे. लेन्सचा खरा स्वभाव समोरच्या धारदार डोळ्यात कळत नाही. तो मागच्या धूसर भागात कळतो. फोटोवाले त्याला बोके म्हणतात. ताडोबा म्हणजे साग आणि बांबू. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात आणि मागं उरतो तो वाळका बांबू, आडवा, उभा, तिरका, एकमेकांत अडकलेला. लेन्सच्या परीक्षेला याहून दुष्ट पार्श्वभूमी नाही. वाघाच्या मागं दोन-तीन मीटरवर बांबू असेल तर माझ्या लेन्समध्ये ५००ला प्रत्येक काडीला पदर सुटतात, एका रेघेच्या दोन रेघा होतात आणि सगळा पडदा अस्वस्थ दिसतो. ६०० एफ/४सारखी राजेशाही लेन्स तोच बांबू लोण्यासारखा वितळवून टाकते. पण वाघीण दहा मीटर पुढं आली, की माझ्या लेन्समध्ये मधली एक पायरी येते. काड्या विरघळायला लागलेल्या असतात, पुरत्या विरघळलेल्या नसतात. तिथं बांबूचा पिवळा आणि वाघिणीचा पिवळा हे दोन वेगळे पिवळे एकमेकांशेजारी दिसतात. वाघाला पट्टे का असतात, हे मला पुस्तकात वाचून पाठ होतं. पटलं ते या पायरीवर.

शेपटीचा प्रश्न मला एका गाइडताईंनी विचारला.

ताडोब्याच्या भोवतालच्या गावांतल्या बायकाही आता गाइड म्हणून काम करतात. त्या सकाळी आमच्या जिप्सीत अशाच एक ताई होत्या. उजाडून तासभर झाला असेल. आधी वानर खोकलं, मग चितळाची ती टोकदार हाक. "थांबा जी, कॉल येऊन राहिला," ताई म्हणाल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पुढची दहा मिनिटं सहा पर्यटकांचे फक्त श्वास. मग नाल्यातून वाघीण वर आली, रस्त्यावर थांबली, आमच्याकडे एकदा पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात शिरली. सगळं मिळून मिनिटभर. माझं कडं पहिल्या क्षणापासून ५००वर टेकलेलं होतं आणि बोट बटणावरून उठलं नव्हतं.

ती दिसेनाशी झाल्यावर मी मोठ्या ऐटीत कॅमेऱ्याची स्क्रीन ताईंपुढं धरली. त्यांनी गालावरचे पट्टे बघून कुठली वाघीण ते लगेच सांगितलं. मग तीन-चार फोटो पुढं सरकवले आणि विचारलं, "शेपटी कुठं गेली जी?"

मी म्हटलं, जवळून घेतला ना.

"हो, पण आता हे कुठचं आहे म्हणून सांगाल घरी?"

मला माहीत होतं कुठलं ते. फोटोला माहीत नव्हतं. तिचं तोंड, तिचे खांदे, मागं पिवळा धूर. हा फोटो कान्ह्याचा म्हणून खपला असता, प्राणिसंग्रहालयातला म्हणूनही खपला असता.

त्या रात्री निवासाच्या खोलीत पंख्याखाली बसून मी शाळेतलं त्रैराशिक मांडलं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या सूचनांप्रमाणे पर्यटकांच्या गाडीनं प्राण्यापासून किमान २० मीटर लांब राहायचं असतं. (वाघानं ही सूचना वाचलेली नसल्यामुळं तो कधीकधी स्वतःहून जवळ येतो, ते सोडा.) फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. ५०० मिलिमीटरला ३६, तर २० मीटरला किती? १ मीटर ४४ सेंटिमीटर. २० मीटरवर माझ्या चौकटीत दीड मीटरही जग मावत नाही. वाघीण नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे मीटरभराहून जास्त वाघीण मी बाहेर ठेवली होती, आणि ताई ज्या शेपटीची चौकशी करत होत्या ती त्या मीटरभरात होती.

गणित उलटं फिरवलं. अडीच मीटरची वाघीण, शिवाय तिला पुढचं पाऊल टाकायला हातभर जागा. धरा तीन मीटर. २० मीटरवरून तीन मीटर मावायला किती मिलिमीटर हवेत? २४०. आकडा बघून मला हसू आलं, कारण त्या दिवशी सकाळीच गेटवर २५० मिलिमीटरच्या वरची लेन्स म्हणून आमच्याकडून कॅमेऱ्याचे वेगळे पैसे घेतले होते. तो आकडा ज्यांनी ठरवला त्यांच्या मनात शेपटी नसणार. पण अख्खी वाघीण २४०मध्ये मावते आणि २५०च्या पुढं पैसे पडतात, हा योगायोग मला अजून पुरतो. शेपटीसकट फुकट; नुसत्या तोंडाला शुल्क.

इथं एक सापळा सांगून ठेवतो, कारण त्यात शहाणीसुरती माणसं पडतात. ज्यांच्याकडे लहान सेन्सरचा कॅमेरा आहे त्यांना दुकानात सांगितलं जातं की तुमची ५००ची लेन्स ७५०सारखी वागेल. ऐकायला गोड. पण दीडपटीचा गुणाकार दोन्ही टोकांना लागतो. ५००ची ७५० झाली तशी २००ची ३०० झाली. आता कडं पूर्ण मागं आणलं तरी २० मीटरवर दोन मीटर चाळीसच मावतात. मघाचे तीन मीटर हवे असतील तर जिप्सी २५ मीटरवर हवी, आणि मागं आधीच चार जिप्सी लागलेल्या असतात. गाडी मागं जात नाही, तुम्हाला खाली उतरता येत नाही, मोबाईल वापरायला आत बंदी. चौकट रुंद करायचा दुसरा कुठलाही मार्ग उरत नाही. लहान आकड्याला पर्याय नाही, तो असा.

पाचशेचं स्थान मी नाकारत नाही. वाघ रस्त्यावरून सरळ अंगावर चालत येत असेल, ज्याला सगळे हेड-ऑन म्हणतात, तर कॅमेरा उभा धरावा आणि मोठा आकडा खुशाल लावावा. समोरून वाघ रुंदीला फार नसतो, शेपटी त्याच्याच मागं लपलेली असते आणि रस्ता दोन्ही बाजूंनी चौकट धरून देतो. तिथं ५००ची लेन्स आणखी एक काम करते. ती अंतर चपटं करते. तीस मीटर मागची झाडं वाघाच्या खांद्याला टेकल्यासारखी येतात. लांब लेन्सची ही लबाडी मला आवडते. पण पक्षी सोडले तर तिची खरी गरज मला एका सफारीत दोनदा-तीनदा पडते.

आता ज्या फोटोंमुळं हे मत पक्कं झालं, ते. पुढच्या उन्हाळ्यातले तीन आहेत. पाणवठा एक, वाघीण एक, मधला वेळ पाच-सात मिनिटं. फोटोखालच्या माहितीत आकडे लिहिलेले असतात, ते मी हल्ली आधी वाचतो.

पहिला ५००ला. वाघीण पाण्यात बसलेली. वाघ पाण्यात उतरताना बऱ्याचदा पाठमोरे उतरतात, आधी मागचे पाय, मग ढुंगण, मग पोट. तोंडावर पाणी उडालेलं त्यांना खपत नाही. ही तशीच उतरून, घरच्या टाकीत बसल्यासारखी बसली होती. फोटोत फक्त तोंड. हनुवटीच्या पांढऱ्या केसांवर तीन थेंब लटकलेले, त्यातला एक लांबट, पडायच्या बेतात. डोळ्यांची बाहुली गोल. मिशांच्या मुळाशी काळ्या ठिपक्यांच्या ओळी. वीस-पंचवीस मीटरवर या लेन्सला ५००ला हातभर किंवा थोडी जास्त खोली धारदार मिळते, त्यामुळं नाकापासून कानापर्यंत सगळं कातीव आहे. फोटो उत्तम आहे. ज्यांना दाखवला ते "वा!" म्हणाले आणि परत दिला.

दुसरा ३४०ला. तळ्यात ना मळ्यात.

तिसरा २००ला. वाघीण पाण्यातून बाहेर निघून उजवीकडे चालली आहे. तिचा मागचा अर्धा भाग भिजून काळपट, पुढचा अर्धा कोरडा, धुळकट. दोहोंच्या मध्ये पाण्याची रेघ, विहिरीच्या भिंतीवर पावसाळ्याची खूण राहते तशी. शेपटी पूर्ण आहे, टोकाशी वर वळलेली. तिच्या मागं कोरड्या मातीवर ठिबकत आलेल्या पाण्याची ओळ पाणवठ्यापर्यंत जाते. म्हणजे ती कुठून आली हे फोटोतच लिहिलेलं आहे. वर डाव्या कोपऱ्यात अर्जुनाचं झाड, उघड्या मुळांसकट. आणि वाघिणीच्या मागं सात-आठ फुटांवर जमिनीवर एक टिटवी. पंख उघडलेले, मान ताणलेली, चोच फाकलेली.

ती टिटवी मी तिथं पाहिलीच नव्हती. ऐकली असणार, कारण टिटवी ऐकू येत नाही असं होत नाही. घरी पडद्यावर दिसली. ५००ला ती चौकटीत आली नसती, आणि आली असती तरी करड्या डागाच्या पुढं गेली नसती. २००ला, पंचवीस मीटरवर, या लेन्सला एफ/५.६वर साधारण पाच मीटर खोली धारदार मिळते. वाघिणीवर फोकस असूनही मागच्या टिटवीच्या चोचीजवळचा लाल भाग स्वच्छ दिसतो. टिटव्या पाण्याकाठी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालतात आणि हा त्यांचाच मोसम. अंडी फोटोत दिसत नाहीत. पण पक्षी ज्या जागेवर पाय रोवून उभा आहे, त्यावरून ती कुठंतरी तिथंच असावीत. टिटवीही समुद्र आटवते, असं आपण म्हणत आलो. इथं ती दीडशे किलोच्या आसपासच्या जनावराला जागेवरून हलायला सांगते आहे आणि जनावर खरोखर निघालेलं आहे. अर्थात वाघिणीला पाण्यात पुरेसं झालं म्हणून ती निघाली असेल. फोटो दोन्ही शक्यता राखून ठेवतो. पहिल्या फोटोत एकही शक्यता नव्हती.

दोष आहेत. क्षितिज अंमळ डावीकडे कललंय. उजव्या कडेला दुसऱ्या जिप्सीच्या आरशाचा तुकडा आला आहे. तो कापता येतो, मी कापलेला नाही.

त्या आधीच्या वर्षांचे सगळे फोटो मग मी याच नजरेनं चाळले. बहुतेकांच्या खाली ५०० लिहिलेलं. भिंतीवर लावावेसे वाटलेले पाच-सहा बाजूला काढले. त्यांपैकी एकच ५००चा निघाला, तोही स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा. बाकीचे २०० ते ३००मधले. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळातले म्हणतात ते उंच दगडी खांब उभे आहेत. त्यातल्या एकाच्या पायथ्याशी गवा उभा आहे, असा एक आहे त्यात. गव्याएवढं अवाढव्य जनावर त्या खांबापुढं गोठ्यातल्या गाईसारखं दिसतं. ५००ला मला नुसता गवा मिळाला असता, आणि तो किती मोठा हे सांगायला चौकटीत कुणीच नसतं.

लांब लेन्सांवर अन्याय होऊ नये म्हणून ६०० एफ/४बद्दल. मी ती एकदाच दोन दिवस भाड्यानं घेतली. निकॉनची एफएल म्हणून जी आहे, तिचं वजन ३ किलो ८०० ग्रॅम. जिप्सीत सहा माणसं, आणि ही फिरवायची म्हणजे शेजाऱ्याची टोपी उडते. पण पहाटेच्या पहिल्या वीस मिनिटांत, जेव्हा माझी लेन्स अंधारात चाचपडते आणि आयएसओ ६४००वर जाऊन रवाळ फोटो काढते, तेव्हा ही दुप्पट प्रकाश पिऊन शांतपणे ३२००वर काम करते. फोकस बसतो तो दिव्याचं बटण दाबल्यासारखा. वीस मीटरवर तिची धारदार खोली मात्र सव्वा वीत. डोळा धारदार केला की कान मऊ पडतात. त्या मऊ पडण्यात एक ऐश्वर्य आहे, ते मान्य. पण ती प्राइम लेन्स. तिला लहान आकडाच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाघ जिप्सीपासून पंधरा मीटरवरून चालत गेला आणि माझ्याकडे आली ती त्याची डावी बरगडी. पट्टे सुंदर आहेत, कापडाच्या दुकानात लावता येतील.

हलक्या लेन्सांत निकॉनची ३०० एफ/४ पीएफ माझी लाडकी. वजन ७५५ ग्रॅम, पाण्याच्या भरलेल्या बाटलीहून कमी. तिच्यातल्या एका भिंगाचं घराणं दीपगृहाचं आहे. ऑगस्टिन फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं जाड भिंग गोल गोल पायऱ्यांत कापून पातळ केलं आणि १८२३ साली कोर्दुआंच्या दीपगृहात बसवलं. तीच चकत्यांची कल्पना वेगळ्या रीतीनं वापरून ही लेन्स आखूड आणि हलकी केली आहे. चौकटीत थेट सूर्य किंवा दिवा आला तर त्याच्याभोवती विचित्र वलयं उमटतात. खानदानी खोड म्हणून सोडून द्यावी.

आणि ज्या लेन्सचा मला हेवा वाटतो ती कॅननवाल्यांची १००-४००. १९९८ची पहिली आवृत्ती कड्यानं न फिरता पिचकारीसारखी पुढं-मागं ओढावी लागे, म्हणून लोक तिला धुळीचा पंप म्हणत. २०१४च्या दुसऱ्या आवृत्तीला फिरतं कडं आलं आणि एक मीटरच्याही आत फोकस बसू लागला. हिवाळ्यात ताडोब्यात रस्त्याकडेला दोन झाडांच्या मध्ये मोठ्या लाकूड-कोळिणींची सोनेरी जाळी लागतात. माझी लेन्स तिथं सव्वादोन मीटर मागं सरका म्हणते. कॅननवाला बसल्या जागेवरून कोळिणीच्या पायाचे केस मोजतो आणि कडं न सोडता पलीकडच्या चितळांच्या कळपावर जातो. त्यांनी पुढं नव्या कॅमेऱ्यांसाठी १००-५०० काढली तेव्हा मोठा आकडा वाढवला, पण लहान १००वरच ठेवला. हे कुणीतरी शहाण्या माणसानं ठरवलं असणार. मग २००-८०० आली आणि दुकानांत पुन्हा मोठ्या आकड्याची गर्दी झाली. ८००ला ती एफ/९ आहे. ताडोब्याच्या पहाटे एफ/९ म्हणजे गॉगल लावून मण्यात दोरा ओवणं.

कन्व्हर्टरबद्दल एकच. १.४चा लावला की ५.६चं ८ होतं आणि लहान आकडा २००चा २८० होतो. मी तो पिशवीतून काढून कपाटात ठेवला.

गंमत म्हणजे भारतातल्या वाघांच्या फोटोंची सुरुवात लहान आकड्यानंच झाली. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा इंग्रज वनाधिकारी १९२०च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार बांधून ठेवायचा. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःच आपला फोटो काढून निघून जायचा. कॅमेरा वाटेपासून काही पावलांवर, त्यामुळं चौकटीत वाट, गवत, अंधार सगळं येई आणि शेपटीसुद्धा. १९२७ साली त्याचं पुस्तक आलं. बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा उचलायला कॉर्बेटला यानंच उद्युक्त केलं. आज वनखातं वाघ मोजायला झाडांना कॅमेरा ट्रॅप बांधतं, ती याच तारेची नातवंडं. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन, कारण डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. रुंद चौकट, अख्खी कूस. सरकारदरबारी वाघाचा जो फोटो ग्राह्य धरला जातो तो असा असतो. आपण लाखभर रुपये घालून काढलेला डोळा तिथं चालत नाही.

मे महिन्यात दुपारच्या सफारीला ऊन पंचेचाळीसला टेकलेलं असतं. रस्त्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते, आणि दीडशे मीटरवरचा वाघ कुठल्याही लेन्समधून, कितीही पैसे मोजलेले असोत, पाण्याखालून पाहिल्यासारखा येतो. तेव्हा मोठ्या आकड्याची फुशारकी मारणाऱ्यांचे चेहरे बघावेत. मी त्या वेळात कडं मागं आणतो. बीन बॅग जिप्सीच्या दांडीवर टाकलेली असते. ती घरून रिकामी न्यायची आणि तिथल्या किराणा दुकानातून तीन किलो तांदूळ घेऊन भरायची. भाताचा मुलूख आहे, तांदूळ उत्तम मिळतो. निघताना तो निवासाच्या स्वयंपाकघरात द्यायचा. आचाऱ्यांनी एकदा विचारलं, "यात बसून आलात का जी?" लेन्स बसून आली, म्हटलं.

माझ्या लेन्सच्या अंगावर एक बारकं कुलूप आहे. कडं आपोआप सरकू नये म्हणून. ते फक्त २००वर लागतं, दुसऱ्या कुठल्याच आकड्यावर नाही. पिशवीत ती तशीच निजलेली असते. पूर्वी गेटातून आत शिरलो की पहिलं काम कुलूप काढून कडं ५००ला नेणं. आता कुलूप काढतो आणि कड्याला हात लावत नाही.

टिटवीच्या फोटोची प्रत मी पुढच्या वर्षी बारा बाय अठरा काढून नेली, त्याच ताईंना द्यायला. गेटवरच्या चहाच्या टपरीपाशी त्या भेटल्या. त्यांनी प्रत उन्हात धरली, एका नजरेत पाणवठ्याचं नाव सांगितलं, टिटवीकडे बघून हसल्या. मग डाव्या कोपऱ्यातल्या झाडावर अंगठा ठेवला.

"हा अर्जुन पडला जी, मागच्या पावसात."

वाघिणीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. फोटो पदराच्या आत धरून जिप्सीकडे गेल्या. गेट उघडायची वेळ झाली होती.